‘सरांनी लिहिलंय’ हे काही कारण झालं नाही



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि आज जरा भांडायलाच बसले आहे. घरच्या मंडळींना माझा आवाज चढला की काय होतं ते ठाऊक आहेच. बाकीच्यांनी चहाचा कप जवळ घेऊन वाचावं, कारण लांबण लागणार आहे.

माझं भांडण एका प्रश्नाशी आहे. ‘नर्सला फार्माकॉलॉजी कशाला हवी?’ फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, शरीर त्या औषधाचं काय करतं, किती दिलं म्हणजे गुण येतो आणि किती दिलं म्हणजे जीव जातो, याचं शास्त्र. माझ्या बहिणीची नात आमच्याकडे राहून जीएनएम करते आहे. तिच्या निमित्ताने गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी तीन तोंडांतून ऐकला.

पहिलं तोंड माझ्या डॉक्टर भाच्याचं. “मावशी, औषध मी लिहितो, डोस मी लिहितो. सिस्टरने ते वेळेवर द्यायचं. तिला कशाला हवा एवढा खोल अभ्यास?” दुसरं तोंड नातीच्या कॉलेजातल्या मोठ्या मुलींचं. “पास होण्यापुरतं पाठ कर गं, पुढे वॉर्डात सगळं आपोआप येतं.” आणि तिसरं तोंड आपल्या सगळ्यांचं, म्हणजे समाजाचं. “नर्सच्या अंगी सेवाभाव हवा, हात हलका हवा, बोलणं गोड हवं. बाकी काय!”

ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. परीक्षेत दोन मार्क जावेत इतपत चूक असती तर मी सोडून दिलं असतं. पण इथे माणूस जातो.

आता तुम्ही म्हणाल, या मराठीच्या बाईंना औषधशास्त्रातलं काय कळतं? बरोबर आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. (आमच्या शाळेत शिक्षक कमी, त्यामुळे पाचवी ते सातवीचं गणितही माझ्याच गळ्यात. त्याचा उपयोग पुढे येईल.) नातीचा अभ्यास घेताना तिची पुस्तकं चाळते, अडलं की त्याच भाच्याला फोन लावते. कुणाला कोणतं औषध द्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण समोरच्या मुलीला धडा कळलाय की तिने नुसता घोकलाय, हे ओळखण्यात माझी हयात गेली आहे, आणि तेवढ्या अधिकारावर मी हे लिहिते आहे.

आधी भाच्याचं घेऊ.

डॉक्टर औषध लिहितो. त्याची चूक झाली तर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट पकडू शकतो. फार्मासिस्टची चूक नर्स पकडू शकते. नर्सची चूक कोण पकडणार? तिच्यानंतर फक्त रुग्णाची शीर आहे, आणि शिरेला वाचता येत नाही. या साखळीत जी व्यक्ती शेवटची, तिनेच सगळ्यांत कमी जाणावं, हे कुठलं शहाणपण?

२०१८ साली आमच्या ह्यांना हृदयाच्या दुखण्याने एका खाजगी इस्पितळात ठेवलं होतं. रोज एक छोटी पांढरी गोळी यायची. दिवसपाळीच्या सिस्टरला मी विचारलं, “ही कसली हो?” ती म्हणाली, “सरांनी लिहिलंय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मुलगी गुणी होती, हसतमुख होती, पण त्या गोळीबद्दल तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी औषधाच्या वेळेला दुसरी सिस्टर आली. तिने गोळी ट्रेमध्येच ठेवली, स्टेथोस्कोप छातीवर लावला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ४८ भरले. मग ह्यांना विचारलं, “आजोबा, जेवण जातंय का? मळमळतंय का?” ह्यांचं जेवण दोन दिवस उतरत नव्हतं. तिने गोळी दिली नाही. केसपेपरवर तशी नोंद केली आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवर जे काही बोलले ते मला पलंगापाशी ऐकू आलं, त्यात आभार नव्हते! पण ती शांतपणे म्हणाली, “सर, पल्स ४८ आहे आणि पेशंट लॅसिक्सवर आहे.” सकाळी रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं, आणि ती गोळी बंद झाली.

ती गोळी डिगॉक्सिनची होती. हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडापासून आलं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं तेव्हापासून वैद्यकात त्याला मान आहे. ते हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं आणि ठोके संथ करतं. पण गुण देणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांच्यातलं अंतर अगदी थोडं. म्हणून मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं, असा नर्सिंगमधला नेम आहे. आता पुढची गंमत बघा. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, हे लघवी वाढवणारं औषध. त्याच्याबरोबर शरीरातलं पोटॅशियमही वाहून जातं. आणि पोटॅशियम कमी झालं की तेवढंच डिगॉक्सिन जास्त चावतं. शिवाय डिगॉक्सिन बाहेर पडतं मूत्रपिंडातून, आणि म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यामुळे रोजची तीच गोळी हळूहळू साचत जाते. चांगल्या मूत्रपिंडालाही त्यातलं निम्मं बाहेर टाकायला दीड-दोन दिवस लागतात.

त्या सिस्टरच्या डोक्यात ही साखळी होती, म्हणून तिचा हात थांबला. भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, अशा सिस्टर असतील तर आम्हाला हव्याच आहेत!” अरे बाळा, मग त्या आकाशातून पडतात का? कुणीतरी तिला फार्माकॉलॉजी नीट शिकवली असेल ना?

आता दुसरं तोंड. ‘वॉर्डात आपोआप येतं.’

वॉर्डात हात तयार होतो, हे खरं. सलाईन लावणं, शीर सापडणं, बुच्च्या न हलवता औषध भरणं हे वॉर्डातच येतं. पण वॉर्डात ‘काय करतात’ ते दिसतं, ‘का करतात’ ते दिसत नाही. आणि आधीच्या मुलीला जे चुकीचं लागलं असेल ते नव्या मुलीला बरोबर म्हणूनच लागतं. एक साधं उदाहरण. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कुटून, पाण्यात कालवून नळीतून देतात. नवी मुलगी दोन दिवसांत हे शिकते. पण काही गोळ्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतात. अशी गोळी मुद्दाम हळूहळू विरघळेल अशी केलेली असते, दिवसभराचं औषध एका गोळीत असतं. ती खलात कुटली की दिवसभराचं औषध एका दमात पोटात! काही गोळ्यांवर जठरातल्या आम्लात न विरघळणारा थर असतो. ती कुटली की तो थर फुकट. खलबत्ता चालवणारा हात वॉर्डात तयार होतो. ‘थांब, ही कुटायची नाही’ असं म्हणणारं डोकं वर्गात तयार व्हावं लागतं.

दुसरं उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचं. १० मिलिलिटरची पारदर्शक अँप्युल. इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याच्याही तशाच पारदर्शक अँप्युल असतात. पोटॅशियम नेहमी सलाईनमध्ये मिसळून, मोजक्या वेगाने द्यायचं. ते तसंच सिरिंजमध्ये भरून एकदम शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. या अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच जगभरच्या इस्पितळांना सांगितलं. पुढे २०१७ साली त्याच संघटनेने औषधांच्या टाळता येण्याजोग्या चुकांविरुद्ध जगभर मोहीम उघडली, आणि त्या चुकांचा वर्षाचा भुर्दंड ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. म्हणजे हा काही माझ्यासारख्या रिकामटेकड्या म्हातारीचा कांगावा नाही.

नर्सिंगमध्ये औषध देण्याचे पाच नियम शिकवतात: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. नात झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. पण नियम पाठ असणं आणि ‘बरोबर मात्रा’ काढता येणं यांत फरक आहे. तिथे येतं गणित. आणि हे गणित कुठलं म्हणाल तर आपलं त्रैराशिक! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे तेच, सहावी-सातवीत मी शिकवायची तेच. जेंटामायसिनची अँप्युल २ मिलिलिटरची, तीत ८० मिलिग्रॅम औषध. लिहिलेला डोस ३० मिलिग्रॅम. तर सिरिंजमध्ये किती भरायचं? ८० ला २, तर ३० ला किती? पाऊण मिलिलिटर. सलाईन ५०० मिलिलिटर, चार तासांत संपवायचं, सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तर मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, चार तासांची मिनिटं २४०, भागाकार साधारण ४२. यात उच्च गणित कुठे आहे? पण नातीच्या मैत्रिणी या दोन उदाहरणांना घाबरून सूत्र पाठ करतात, आणि सूत्रात वर काय नि खाली काय हे परीक्षेच्या दिवशी विसरतात. त्रैराशिक समजलेल्या मुलीला सूत्राची गरजच पडत नाही. शिवाय उत्तर वेडंवाकडं आलं तर तिचं तिलाच खटकतं. ‘अंगणवाडीतल्या पोराला दहा मिलिलिटर? छे, काहीतरी चुकलं’ हे जे खटकणं आहे ना, त्यानेच रुग्ण वाचतो.

इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे बाटली ४० युनिटची मिळते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. १०० युनिटचीही मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज घेऊन कुणी ‘२०’ च्या रेघेपर्यंत भरलं, तर रेघ २० ची असली तरी अर्धा मिलिलिटर भरलं गेलं, म्हणजे ५० युनिट! अडीच पट. साखर अशी कोसळेल की रुग्ण झोपला आहे की बेशुद्ध आहे हे रात्रपाळीत कळायचंही नाही. दशांश चिन्हाचंही तसंच. ‘१.०’ लिहिलं आणि टिंब पुसट पडलं की १० होतात. टिंबाच्या आधी शून्य न घालता अर्धा लिहिला की ५ होतात. मी मुलांना दशांशापूर्वीचं शून्य गाळलं की मार्क कापायची. मुलं मला खडूस म्हणायची. म्हणोत बापडी!

तिसरं तोंड, सेवाभावाचं. याच्याविषयी जरा जपून बोलते, कारण सेवाभाव मला नकोय असा अर्थ कुणी काढेल. सेवाभाव हवाच. पण सेवाभावाचं कौतुक करून ज्ञानाची मागणी टाळायची, ही आपली जुनी खोड आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आपल्याला आठवतो, त्यांचे आकडे आठवत नाहीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकडेवारीच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. दिव्याच्या उजेडात त्या हिशेबही करत होत्या म्हणायचं!

आणि आपल्या खेड्यातली एएनएम घ्या. बाळंतपणात बाईला झटके येऊ लागले, जवळ डॉक्टर नाही. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग बाईला मोठ्या इस्पितळात पाठवावं, अशी केंद्र सरकारची २०१० ची मार्गदर्शक सूचना आहे. पाच-पाच ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत खोल इंजेक्शन. पुढचे डोस देण्याआधी इस्पितळातल्या नर्सने तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. हे तीन मुद्दे पाठ करणारी मुलगी गडबडीत एखादा विसरेल. पण हे औषध जास्त झालं की आधी गुडघ्याचा झटका जातो आणि मग श्वास मंदावतो, आणि ते लघवीवाटेच बाहेर पडतं, एवढं जिला समजलं ती कसं विसरेल? तिला तर तो गुडघा म्हणजे धोक्याची घंटा वाटेल. त्या बाळंतिणीला गोड बोलणारी सिस्टर हवी की गुडघा तपासणारी? खरं तर दोन्ही एकाच अंगात हव्यात. पण एकीवरच भागवायचं झालं तर मी गुडघा तपासणारी मागेन.

आता मूळ दुखण्याकडे येते. हे ज्ञान मुलींपर्यंत पोचत का नाही?

मुली मठ्ठ आहेत म्हणून? मुळीच नाही. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते. कला शाखेच्या कितीतरी मुली येतात. खेड्यातल्या, मराठी शाळांत शिकलेल्या, घरात पहिल्यांदाच बारावीच्या पुढे गेलेल्या. त्यांच्या हातात एकदम इंग्रजी जाडजूड पुस्तक येतं. वर्गात ते वाचून दाखवलं जातं. मुली गाईड आणतात आणि घोकतात. माझी नात एकदा ‘डायुरेटिक्स’चं वर्गीकरण धडाधड म्हणत होती, आगगाडीसारखं. मी मध्येच विचारलं, “म्हणजे ही औषधं करतात काय गं?” गाडी थांबली. मग आम्ही दोघी बसलो. लघवी वाढवतात. बरं, मग रात्री दहाला दिली तर? “आजी, पेशंट रात्रभर उठेल!” अंधारात उठला तर? “पडेल!” मग द्यायची केव्हा? “सकाळी!” आणि लघवीबरोबर काय काय जाईल? “पाणी... मीठ... पोटॅशियम!” पाच मिनिटांत तिने स्वतः जे काढलं, ते गाईडच्या तीन पानांत तिला सापडलं नव्हतं. एवढंच की आम्ही मराठीत बोलत होतो.

इथे लगेच दोन बाजूंनी दोन पक्ष उठतील. एक म्हणेल, नोकरी दिल्लीत नाहीतर परदेशात करायची तर इंग्रजीच हवं. दुसरा म्हणेल, मग सगळं शुद्ध मराठीत करा. दोघांनाही माझा नमस्कार. औषधांची नावं जगभर चालणारीच ठेवावीत, त्यांना ओवाळणी घालून संस्कृत नेसवायची गरज नाही. ‘इंजेक्शन’ला ‘सूचिकाभरण’ म्हटल्याने कुणाचा ताप उतरत नाही. डोस, सिरिंज, अँप्युल हे शब्द आमच्या आजीलाही कळायचे. पण त्या औषधाचं ‘का’ आणि ‘कसं’ हे मुलीला ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत आधी सांगावं. एकदा समजलं की ते इंग्रजीत लिहायला फार कष्ट पडत नाहीत. न समजता लिहिलेलं इंग्रजी मात्र परदेशातही उपयोगी पडत नाही. मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत काढली, त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. पुस्तकं कोणत्या भाषेत यावर भांडायला सगळे पुढे. वर्गात समजावून कोणत्या भाषेत सांगतात, हे बघायला कुणी नाही.

आणि नावांचं भाषाशास्त्र तर मराठीच्या बाईने शिकवावं असं आहे! १९५३ पासून जागतिक आरोग्य संघटना औषधांना जगभर एकच मूळ नाव देते, आणि एका कुळातल्या औषधांना बहुधा एकच शेपूट असतं. आपल्याकडे नाही का, जमीनदार, दुकानदार, चौकीदार, भांडखोर, चहाडखोर. तसंच अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल: ‘ओलॉल’ आलं की ठोके संथ होणार, आधी नाडी बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल: ‘प्रिल’ आलं की कोरडा खोकला येऊ शकतो, पोटॅशियम वाढू शकतं. ॲम्लोडिपिन, निफेडिपिन: ‘डिपिन’ आलं की पायावर सूज दिसेल. शंभर नावं पाठ करण्याऐवजी दहा-बारा प्रत्यय समजले की नवं औषधही ओळखीचं वाटतं. आणि डोपामिन आणि डोब्युटामिन अशी जुळी वाटणारी नावं आली की सावध व्हायचं, हेही त्यातूनच कळतं. लॅसिक्स आणि लोसेक या नावांचा इतका गोंधळ झाला की अमेरिकेत १९९० साली लोसेकचं नावच बदलून प्रायलोसेक करावं लागलं.

‘कमी शिकलेल्या बायकांना हे झेपणार नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, आणि आई-वडील इस्पितळात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. होय, नवजात बाळाला! हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. मला कुणी म्हणेल, त्यांना मोजकीच औषधं शिकवली होती आणि देखरेख कडक होती. मान्य! पण माझाही मुद्दा तोच आहे. मोजकं शिकवा, त्यांच्या भाषेत शिकवा, हाताला धरून शिकवा, आणि शिकवल्यावर लक्ष ठेवा. सातवी शिकलेल्या बाईला जे जमलं ते बारावी पास मुलीला जमत नसेल, तर दोष मुलीचा कसा?

नुसते तास वाढवून हे होणार नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या जुन्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राला ४५ तास होते. २०२१-२२ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात २० आणि चौथ्या सत्रात ६०, असे ८० झाले. चांगली गोष्ट आहे. पण ८० तास पुस्तक वाचून दाखवलं तर ८० तास वाया गेले, एवढाच हिशेब. २०२३ साली संसदेने १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा कायदाही मंजूर केला. कायदे बदलतात, नावं बदलतात. वर्गात मुलीला प्रश्न विचारायची मुभा मिळते का, हे कोणता कायदा बघणार?

म्हणून माझ्या मागण्या, थोडक्यात. (थोडक्यात हं, हसू नका.)

कॉलेजांनी औषधशास्त्राची तोंडी परीक्षा मराठीतही घ्यावी, आणि प्रत्येक उत्तरावर एकदा तरी ‘का?’ विचारावं. डोसचं गणित वेगळं शिकवावं आणि त्यात पूर्ण मार्क पडल्याशिवाय मुलीला औषधाची ट्रॉली हातात देऊ नये. शंभरातली पस्तीस उदाहरणं बरोबर म्हणजे पासष्ट रुग्ण चुकीचे, एवढं तरी कळावं. इस्पितळांनी ‘गोळी थांबवली, कारण अमुक’ असं लिहिणाऱ्या सिस्टरला रागावू नये. तिचं नाव फळ्यावर लिहावं. डॉक्टरांनी (भाच्या, वाचतोयस ना?) राउंडच्या वेळी नर्सला फक्त ‘हे द्या’ न म्हणता ‘हे यासाठी’ असं चार शब्दांत सांगावं. आणि शिकणाऱ्या पोरींनो, तुम्ही घोकायचं थांबवा. ज्या औषधाचं काम तुम्हाला तुमच्या आईला मराठीत सांगता येत नाही, ते औषध तुम्हाला येत नाही असं खुशाल समजा.

राहता राहिलो आपण, पलंगाशेजारी स्टुलावर बसणारे नातेवाईक. आपणही एक करू शकतो. सिस्टर औषध घेऊन आली की नम्रपणे विचारायचं, “हे कशासाठी आहे हो?” दमदाटीच्या सुरात विचारू नये, रात्रपाळीत एकटी मुलगी पूर्ण वॉर्ड सांभाळत असते, तिच्यावर ओरडणं हे शौर्य नव्हे. पण विचारायचं जरूर. तिने सांगितलं तर तिचं कौतुक करा, तिच्या वरिष्ठांपर्यंत पोचवा. ‘सरांनी लिहिलंय’ असं उत्तर आलं तर तिच्यावर चिडू नका. ज्यांनी तिला तीन वर्षं शिकवलं आणि एवढंच उत्तर हाती दिलं, त्यांच्यावर चिडा.

असो. बरंच बोलले. ब्लॉगकर मित्रमैत्रिणींत कुणी नर्सिंग शिकवणारे असतील तर त्यांनी मला खोडून काढावं, मी वाट बघते आहे. आणि घरच्यांनी फोन करून ‘मावशी, छान लिहिलंस’ एवढंच म्हणायचं नाही. तुमच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते मला सांगा. परीक्षा रविवारी आहे.